चुकीच्या देशात पोचलेली बाटली

श्रीअन्तू, इलाम (नेपाळ)
शुक्रवार, सकाळची न्याहारी झाल्यावर

आदरणीय जेठादाजूंच्या पायांशी तुमच्या धाकट्या भावाचा, कांछाचा, वाकून नमस्कार. आईच्या जागी असलेल्या भाउजूंनाही तितकाच वाकून. सुवासला आशीर्वाद. (त्याच्या लग्नाच्या कामाबद्दल पुढे लिहायचं आहे. ते वाचल्यावर तो काकाचा आशीर्वाद घेईल की नाही सांगता येत नाही, म्हणून आधीच देऊन ठेवतो.)

आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? भाउजूंचा खोकला? निवडुंगांना पाणी घालू नये. हे मी निघताना तीनदा सांगितलं, जीपमध्ये बसल्यावर काच खाली करून चौथ्यांदा सांगितलं, तरी पुन्हा लिहितो, कारण एखादी गोष्ट करू नका म्हटलं की तुमचे हात शिवशिवतात हे मी चोपन्न वर्षं पाहतो आहे. आर्किडच्या शेडवरची जाळी दुपारी ओढून घ्यावी. ग्लॅडिओलसचे कंद लावायला काढले असतील तर टोक वर ठेवावं. तुम्ही मागच्या वर्षी एक अख्खा वाफा उलटा लावला होता आणि दोष बियाणेवाल्याला दिला होता, म्हणून आठवण करतो.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? दाजू, फोनवर मी ‘हॅलो’ म्हणतो, त्यानंतरचं सगळं तुम्ही म्हणता. गेल्या मंगळवारी मी हीच हकीकत सांगायला फोन केला होता. तुम्ही सात मिनिटं गोगलगायींवर बोललात आणि ‘बरं, ठेव’ म्हणालात. पत्राला असं मध्येच थांबवता येत नाही, फार तर फाडता येतं. फाडायचंच झालं तर कृपा करून शेवटपर्यंत वाचून फाडावं. दरडीमुळे बंद झालेला रस्ता काल उघडला, त्यामुळे पत्र आपला ड्रायव्हर पेम्बा स्वतः कालिम्पाँगला आणून देईल. त्याला चहा द्या, पण काही विचारू नका. तो कुठलीही गोष्ट शेवटाकडून सांगायला लागतो आणि मग माणसं घाबरतात.

तर आता मुद्द्याचं. निघताना तुम्ही माझ्यावर दोन कामं सोपवली होती. एक, फुपूला (बाबांच्या भावंडांपैकी ती एकटीच उरली आहे, म्हणून मी तिच्याबद्दल तक्रार करणार नाही) भारत, भूतान आणि नेपाळ अशा तीन देशांतून हिमालय दाखवून आणायचा. दोन, भाउजूंनी घरी गाळलेल्या दारूची मागणीची बाटली, मानेला खाद्याचं पांढरं उपरणं बांधून आणि तोंडाला लोण्याची तीन बोटं लावून, भूतानात फुंत्शोलिंगला योन्जनसाहेबांच्या घरी ठेवायची आणि सुवाससाठी त्यांची मुलगी मागायची. यांपैकी पहिलं काम झालेलं नाही. दुसरं झालं, पण नेपाळात.

घाईघाईने शेवटचं पान उघडू नका. सगळं क्रमाने लिहिलं आहे.

पहिले चार दिवस सिक्कीममध्ये गेले. फुपूच्या लेखी सिक्कीम अजून वेगळा देश आहे. (तिचं लग्न झालं तेव्हा तिथे राजा होता, आणि त्यानंतर जे काही झालं ते तिला कोणी रीतसर कळवलेलं नाही.) रांगपोच्या नाक्यावर ती ओळखपत्र हातात धरून ताठ बसली होती. कोणी विचारलंच नाही, तेव्हा तिने पेम्बाला जीप मागे घ्यायला लावून स्वतः काच खाली केली आणि शिपायाला ते दाखवलं. शिपाई म्हणाला, “आमा, जा ना आता.” तेव्हा तिचं समाधान झालं. पेलिंगला आम्ही तीन पहाटे गच्चीवर घोंगड्या पांघरून बसलो. समोर धुकं. कांचनजंगा जिथे असायला हवा तिथे दुधाचं पातेलं सांडल्यासारखं पांढरं. हॉटेलवाला रोज सकाळी यायचा, हळहळायचा आणि म्हणायचा, “काल या वेळी इतका स्वच्छ होता!” पहिल्या दिवशी मला वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी फुपूने त्याला सांगितलं, “बाबू, काल मी इथेच बसले होते.” तो बिचारा मग चहा ठेवून पाठमोराच परत जायला लागला.

एक सांगायला हवं. हाच कांचनजंगा आपल्या पाण्याच्या टाकीवर चढलं की कार्तिकात रोज दिसतो, हे मी फुपूला निघण्यापूर्वी नम्रपणे सुचवलं होतं. त्यावर ती म्हणाली की गेल्या वर्षी सिलिगुडीच्या डॉक्टरने दोन्ही डोळे नवे करून दिले, ते काय टाकीवरून बघण्यासाठी? मी पिशव्या भरायला घेतल्या.

पेम्बाबद्दलही दोन शब्द. माणूस सज्जन, गाडी जपून चालवतो. पण रस्त्यात छोर्तेनचा स्तूप आला की तो उजव्या हाताला ठेवून तीन फेऱ्या घातल्याशिवाय पुढे जात नाही. रस्त्याच्या मधोमध असला तर जीपनेच घालतो. सिक्कीममध्ये छोर्तेन किती आहेत हे तुम्हाला ठाऊकच आहे. मला पुण्य इतकं लागलं आहे की दुसऱ्या दिवसापासून उलट्या सुरू झाल्या. भूतानात एका खिंडीत शंभरावर छोर्तेन एका जागी उभे आहेत हे त्याला आधी माहीत नव्हतं. ते समोर दिसल्यावर त्याने गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. शेवटी फुपूने तोडगा काढला की सगळ्यांना मिळून एक धरावं.

पण मी पुढे गेलो. भूतानात शिरताच आम्ही प्रथम योन्जनसाहेबांकडे गेलो. बाटली जीपमध्येच ठेवली, कारण दिवस पाहिल्याशिवाय ती उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. योन्जनसाहेबांनी चष्मा लावून पंचांग पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले की पौर्णिमेपर्यंतचे दिवस विहीर खणायला आणि केस कापायला उत्तम आहेत, मुलगी द्यायला वाईट. पौर्णिमेनंतर यावं. माणसं भली आहेत, जेवल्याशिवाय सोडलं नाही. मुलगी, म्हणजे पासाङ, मला पसंत आहे. स्कूटर चालवते, नजर वर करून बोलते. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, “काका, सुवास घोरतो का?” मी खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं, मीही घोरते.” तेव्हा त्या बाजूने काळजीचं कारण नाही.

मग थिंफू, पारो वगैरे. भूतानात वाटाड्या घ्यावाच लागतो. आमचा वाटाड्या फार शिकलेला होता. एका झोंगच्या किल्ल्यात (नाव लिहीत नाही, त्यांना उगीच त्रास नको) तो म्हणाला की ही एवढी मोठी इमारत एकही खिळा न मारता उभी केली आहे. सगळे ‘अहाहा’ म्हणाले.  फुपू भिंतीभिंतीने हात फिरवत चालायला लागली. पुढचा दीड तास वाटाड्या पुढे इतिहास सांगत होता आणि फुपू मागे खिळा शोधत होती. अखेर तिला सापडला. आग विझवायचं लाल नळकांडं त्याच्यावर टांगलेलं होतं. तिने वाटाड्याला हाताला धरून तिथवर नेलं आणि तो खिळा दाखवला. रागाने नव्हे, आईने मुलाच्या पाटीवरली चूक दाखवावी तसा. त्यानंतर तो आमच्यासमोर कुठलीही गोष्ट ‘असं म्हणतात’ जोडल्याशिवाय बोलला नाही, ‘आता जेवायची वेळ झाली असं म्हणतात’ इथपर्यंत. डोंगर तिथेही दिसले नाहीत. काल दिसत होते.

पौर्णिमेला अवकाश होता. घरी येऊन बसायला फुपू तयार नव्हती. तिचे यजमान, फुपाजू, पलटणीत असताना सांगायचे म्हणे, की नेपाळातून कांचनजंगा मोठा दिसतो. म्हणून मिरिकवरून पशुपतीचा नाका ओलांडून आम्ही गेल्या आठवड्यात गुरुवारी इलाममध्ये शिरलो आणि श्रीअन्तूचा चढ चढू लागलो. पाऊस लागला होता. आश्विनात एवढा पाऊस मी पाहिला नव्हता. मुक्कामाच्या अर्धा कोस अलीकडे आमच्या डोळ्यांदेखत दरड उतरून रस्त्यावर बसली. पेम्बाने जीप मागच्या गावात नेली. आम्ही दोघं पायवाटेने वर निघालो. फुपू काठी टेकत पुढे, मी दोन पिशव्या पाठीवर आणि भाउजूंची बाटली छातीशी धरून मागे. चिखलात मी तीनदा पडलो, बाटली एकदाही नाही. हे भाउजूंना अवश्य वाचून दाखवा.

वरच्या पहिल्या घरात आम्हाला जागा मिळाली. घर घिसिङांचं, आपल्याच तामाङांचं. घरधनी लालध्वज घिसिङ, साठीचे, वॉर्डाच्या कचेरीत काही काम बघतात. त्यांची बायको लवकर गेली. तीन मुलं त्यांच्या बहिणीने वाढवली आणि ती आता कतारपासून काठमांडूपर्यंत पांगली आहेत. बहिणीचं नाव इन्द्रकला. वय एक्कावन्न. चहाचा मळा तीच पाहते, पाहुण्यांच्या खोल्या तीच पाहते, आणि भावालाही तीच पाहते. मुलं लहान होती म्हणून लग्न राहिलं, मुलं मोठी झाली तोवर कोणी विचारायचं राहिलं. (ही माहिती मी काढली नाही. फुपूने पहिल्या घोटभर चहात काढली.)

स्वभावाने बाई तिखट आहे. मी आलं सोलायला बसलो तर म्हणाली, “सोलताय की त्याचं हाड शोधताय?” आणि चाकू काढून घेतला. पहिल्याच दिवशी तिने नाव विचारलं. मी म्हटलं, कांछा. ती म्हणाली, “घरोघरी शेंडेफळ असतंच. नाव सांगा.” दाजू, मला क्षणभर आठवावं लागलं. मग सांगितलं, नरमान. तेव्हापासून ती ‘नरमानजी’ म्हणते. पहिल्या एक-दोन वेळा मी मागे वळून कोण आलंय ते पाहिलं. तिच्या खिडकीत एक निवडुंग आहे, रोज पाणी घालून मरायला टेकवलेला. मी म्हटलं, पाणी बंद करा. ती म्हणाली, “बरं.” आणि बंद केलं. मी हे मुद्दाम लिहितो आहे. आपल्या घरात मला कोणी पहिल्या खेपेला ‘बरं’ म्हटल्याचं मला आठवत नाही.

आता बाटलीचं.

रविवारची गोष्ट. लोणी वितळू नये म्हणून बाटली थंड जागी ठेवायला हवी होती. त्या घरात सगळ्यात थंड जागा म्हणजे देवाची खोली, म्हणून मी ती तिथे नेऊन वेदीपुढे ठेवली. सकाळी दरड कितपत हलली ते बघायला मी खाली जाऊन आलो होतो आणि कपडे चिंब झाले होते. कोरडे म्हणून मागणीसाठी आणलेला कोट-पँट तेवढा होता, तो घातला. फुपूला थंडी वाजत होती, तिने रेशमी अंगरखा घातला. पोवळ्यांची माळ ती पिशवीत ठेवत नाही, गळ्यातच घालते. गालिचा फक्त त्या खोलीत, म्हणून ती तिथे बसली. तिला सोबत म्हणून मी शेजारी बसलो. इतक्यात दिवा लावायला लालध्वजजी आत आले.

त्यांना काय दिसलं ते डोळ्यांपुढे आणा. वेदीसमोर खादा बांधलेली, लोणी लावलेली बाटली. तिच्यामागे कोट घातलेला, आपल्या मोक्तान कुळातला एक अविवाहित पुरुष. त्याच्या शेजारी पोवळी घातलेली त्याची आत्या, मागणीला जिने बसायचं नेमकी तीच. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय समजला असता?

त्यांनी टोपी काढली. समोर मांडी घालून बसले. “कुठले मोक्तान?” त्यांनी विचारलं. फुपूने सात पिढ्या सांगितल्या. (यात तिचा काही हेतू होता असं म्हणता येणार नाही. ती बसच्या कंडक्टरलाही सांगते.) मग ते म्हणाले, “मुलगा काय करतो?” मला वाटलं, सुवासची चौकशी चालली आहे. माणूस पंचक्रोशीतला, योन्जनांना ओळखत असेल. फुपू म्हणाली, “झाडं वाढवतो. पितो, पण बेताचं. घोरत नाही.” इथे माझ्या लक्षात यायला हवं होतं, कारण सुवास घोरतो.

लालध्वजजींनी बहिणीला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली, दोन्ही हात पिठाचे. भाऊ लहानपणीच्या लाडक्या हाकेने म्हणाला, “नानी, हे लोक बाटली घेऊन आलेत. उघडू का?” तिने बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या कोटाच्या बाहीला चिखलाचा डाग होता, त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाली, “उघडायची तर उघडा. माझी भाजी लागतेय खाली.” आणि गेली. त्यांनी बाटली उघडली. बोट बुडवून तीनदा देवाला शिंतोडे दिले आणि घोट घेतला. आपल्यात बाटली उघडून घोट घेतला की मागणी मान्य, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि मग ते रडायला लागले, दाजू. साठीचा माणूस. म्हणाले, “या घरात तिच्या नावाने कोणी बाटली आणली नव्हती. आजवर एकानेही नाही.” आणि तसेच, टोपी न घालता, पावसात शेजाऱ्यांना सांगायला गेले. अर्ध्या तासात अकरा माणसं जमली आणि सुवासची बाटली संपली. दारू फार सुरेख उतरली होती, असा सगळ्यांनी भाउजूंना निरोप दिला आहे.

तुम्ही ओरडाल, तू बोलला का नाहीस? मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा कोणी तरी त्यात सेलरोटी घातली. दुसऱ्यांदा माझं मीच मिटलं. तेवढ्या माणसांसमोर ‘ही बाटली हिच्यासाठी नव्हती’ हे वाक्य कसं उच्चारायचं ते मला सुचेना. ती तेव्हा सगळ्यांना ताटं वाढत होती आणि कोणाकडेही बघत नव्हती.

अशी परिस्थिती आहे. आता रिवाजाप्रमाणे येत्या बुधवारी आपल्या बाजूचा मोठा माणूस इथे यायला हवा, आणि तो तुमच्याखेरीज दुसरा कोणी नाही. बाबा नाहीत, मधले दोघं दाजूही गेले. माझी विनंती अशी की आपण पेम्बाबरोबर यावं आणि हे प्रकरण मिटवावं. मागणी मोडायची तर दुप्पट परत द्यायची असते, तेव्हा दोन बाटल्या आणाव्यात. (एकच आणली तर मागणी पक्की करायला आलात असा अर्थ होईल, म्हणून चुकूनही एक आणू नये.) त्याच अकरा माणसांसमोर टोपी काढून ‘आमच्या माणसाला अक्कल नाही, पोटात घाला’ असं म्हणायचं. शब्द सोपे आहेत. पण तुम्ही आजवर कधी कोणाची माफी मागितलेली नाही, जीप मागे घेताना कोंबड्यांचं खुराडं चिरडलंत तेव्हाही कोंबड्यांनाच बोललात, म्हणून दोन दिवस भाउजूंसमोर सराव करून यावं.

तुमच्या दृष्टीने मोडणंच बरं, हे मला कळतं. मी इकडे राहिलो किंवा ही तिकडे आली तरी रोपवाटिकेची घडी विस्कटणार. तुम्ही तर पहिल्यापासून सांगत आला आहात की माझ्यासाठी बाटली घेऊन जायची म्हणजे सवड हवी. पहिल्या वर्षी गारा पडल्या. दुसऱ्या वर्षी आर्किडना कीड लागली. मग प्रदर्शन आलं. मग ‘या हंगामानंतर बघू’ असं ठरलं. असे सव्वीस हंगाम झाले. मी कधी काही म्हटलं नाही, आणि आताही म्हणत नाही. फुलझाडांना हंगाम असतो, त्याला तुम्ही तरी काय करणार.

असो. इकडे बाकी सगळं ठीक. धुकं आहे. वडीलधाऱ्यांना मान, लहानांना माया, आणि पाणी कोणालाच नको, म्हणजे निवडुंगांपैकी कोणाला.

तुमचा आज्ञेतला,
कांछा

ता. क. फुंत्शोलिंगची पौर्णिमा अजून हातात आहे. सुवाससाठी भाउजूंनी नवी बाटली गाळायला घ्यावी, कालच घेतली असती तर बरं झालं असतं. सुवासने काकाला शिव्या द्यायच्या त्या मनातल्या मनात द्याव्यात. त्याचं काही बिघडलेलं नाही. त्याच्यापाशी स्कूटर चालवणारी मुलगी आहे आणि त्याच्यासाठी धावपळ करणारा बाप आहे.

दुसरा ता. क. तुमचा गुडघा दुखतो हे मघाशी लक्षात आलं नाही. दोन बाटल्यांचं ओझं कशाला वाहता? एकच आणा.

तिसरा ता. क. वरची ओळ वाचून तुम्ही चष्मा पुसला असेल. पुसू नका, बरोबर वाचलंत. खोटं पोटात ठेवून मला पत्र बंद करवत नाही. श्रीअन्तूला आश्विनात इतकी थंडी असते की लोणी अंगणात ठेवलं तरी दगड होतं. पिशवीत माझा एक कोरडा सदरा होता आणि पायजमाही होता. बाटली वेदीपुढे ठेवली तेव्हा मी ती दोन्ही हातांनी ठेवली, आणि खाद्याचं टोक नीट केलं. का केलं, ते मी तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही. फुपू दारातून बघत होती. ती फक्त म्हणाली, “थांब, माळ घालून येते.” एरवी तिची माळ पिशवीतच असते.

त्या बाई मला आवडतात, दाजू. फार आवडतात. चोपन्नाव्या वर्षी हे लिहिताना हसू येतं, पण लिहिलं. तिला यातलं सगळं माहीत आहे, मी सोमवारीच सांगितलं. बाटली पुतण्याची होती हेही सांगितलं. तिने हातातली चहाची पानं निवडून संपवली. मग म्हणाली, “तुमचे दाजू येतील?” मी म्हटलं, येतील. ती म्हणाली, “मग आत्ता काही बोलू नका. ते आल्यावर बघू.” बुधवारचं जेवण काय करायचं ते मात्र तिने विचारलं. तुम्हाला गुंद्रुकची आंबट भाजी आवडते हे मी सांगून ठेवलं आहे.

चौथा ता. क., आणि हा शेवटचा. पेम्बा हॉर्न वाजवतो आहे. आपल्या घरातली सगळी पत्रं गेली तीस वर्षं मीच लिहीत आलो. बँकेला, बियाणेवाल्यांना, पाव्हण्यांना. तुम्ही फक्त खाली सही करता. तुम्हाला यायचं नसेल तर मी समजून घेईन, फुपूला घेऊन गुरुवारी घरी परतेन आणि शुक्रवारी शेडमध्ये कामाला लागेन. पण तसं असेल तर नकाराचं पत्र लालध्वजजींना जायला हवं, आणि ते एक पत्र मला लिहिता यायचं नाही, ते तुम्हाला तुमच्या हाताने लिहावं लागेल. त्यासाठी या पाकिटात एक कोरा कागद घातला आहे. बुधवारी येताना तो तसाच कोरा घेऊन या.